व्हीएनएवर कोणता स्वीप कधी लावायचा: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, म्हणजे सगळे ज्याला नुसतं व्हीएनए म्हणतात तो, तपासायच्या भागात वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल सोडून किती परत येतो आणि किती पलीकडे जातो ते मोजतो. तो चालू केला की पडद्यावर एक सलग रेघ उमटते. नवख्याला ती रेघ म्हणजेच मोजमाप वाटतं. प्रत्यक्षात यंत्राने मोजलेले असतात मोजकेच ठिपके. दोन ठिपक्यांमधली रेघ यंत्र आपल्या मनाने ओढतं. ठिपके कुठे आणि किती पडावेत, प्रत्येकावर किती वेळ थांबायचं, किती ताकदीचा सिग्नल सोडायचा, हे सगळं स्वीपच्या, म्हणजे ठिपक्यामागून ठिपका मोजत जाण्याच्या, सेटिंगमध्ये ठरतं. स्वीप चुकला तर कॅलिब्रेशन (ज्ञात नमुने जोडून यंत्राची स्वतःची चूक काढून टाकणं) कितीही नीट केलेलं असो, रेघ खोटं सांगते, आणि सांगताना अगदी खरी दिसते.

पुण्यातल्या बुधवार पेठेतून आणलेला छोटा नॅनोव्हीएनए असो, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र असो की भोसरी-चाकणकडच्या कंपनीतला बेंचवरचा मोठा ॲनालायझर, खालचा हिशोब सगळीकडे सारखाच लागू पडतो. फरक एवढाच, की छोट्या यंत्रावर काही पर्याय मिळत नाहीत.

बटणाला हात लावण्याआधी

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

१. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची फ्रीक्वेन्सी.
२. त्या पट्ट्यात दिसायला हवी अशी सर्वांत अरुंद गोष्ट किती रुंद आहे: फिल्टरचा पासबँड (सिग्नल जाऊ देणारा पट्टा), एखादा नॉच (सिग्नल अडवणारी अरुंद खाच), रेझोनन्स किंवा लांब केबलमुळे येणारी लाट.
३. किती खोल बघायचं आहे: −४० डीबीपर्यंत की −९० डीबीपर्यंत.
४. तपासायचा भाग किती ताकद सोसतो, आणि सिग्नल बदलल्यावर स्थिर व्हायला किती वेळ घेतो.

यातली दुसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि घोटाळेही तिच्यामुळेच सर्वांत जास्त होतात. लिनिअर स्वीपमध्ये दोन ठिपक्यांमधलं अंतर काढायला पट्ट्याच्या रुंदीला पॉइंटच्या संख्येतून एक वजा करून भागायचं. सर्वांत अरुंद गोष्टीवर निदान दहा ठिपके पडले पाहिजेत. नुसती लाट ओळखायची असेल तर एका लाटेवर पाच-सहा ठिपके असले तरी भागतं, त्याहून कमी नकोत.

हे न पाळल्यास काय होतं ते एका साध्या केबलवर बघू. ३० मीटर आरजी-५८ घ्या, दुसरं टोक उघडं ठेवा. मूळ नॅनोव्हीएनएवर ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ असा पूर्ण पट्टा लावा. पॉइंट १०१, म्हणजे दर ९ मेगाहर्ट्झला एक ठिपका. या केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या ०.६६ पट असतो. जाऊन-येऊन ६० मीटर धरले, तर एस११ ची, म्हणजे परत आलेल्या सिग्नलची, फेज दर ३.३ मेगाहर्ट्झला एक पूर्ण फेरी मारते. म्हणजे एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत जवळजवळ पावणेतीन फेऱ्या होऊन जातात. यंत्राला मधल्या फेऱ्या दिसत नाहीत. त्याला वाटतं, फेज पाव फेरी उलटी फिरली. स्मिथ चार्टवर, म्हणजे परत आलेला सिग्नल वर्तुळात दाखवणाऱ्या आलेखावर, गोल-गोल आत जाणाऱ्या गुंडाळीऐवजी चौकोनी जाळी दिसते आणि मार्कर पुढे सरकवला तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. साध्या केबलमध्ये फ्रीक्वेन्सी वाढली की ठिपका काट्यांच्या दिशेनेच फिरायला हवा. तो उलटा फिरताना दिसला किंवा ग्रुप डिले (सिग्नलला लागणारा उशीर) उणे आला, की कनेक्टर बदलत बसू नका, आधी पॉइंट मोजा. इथे ०.६ मेगाहर्ट्झची पायरी हवी. १०१ पॉइंटमध्ये ती हवी असेल तर एका वेळी ६० मेगाहर्ट्झचाच पट्टा बघता येईल.

लिनिअर स्वीप: ठरत नसेल तेव्हा हाच

यात ठिपके सारख्या अंतरावर पडतात. अँटेना, बँडपास फिल्टर, केबल, मॅचिंग नेटवर्क अशा एकाच पट्ट्यातल्या कामांना हा स्वीप पुरतो. मोठ्या ॲनालायझरवर स्वीप टाइपमध्ये तो मुळातच निवडलेला असतो. नॅनोव्हीएनएवर स्टिम्युलस मेनूत स्टार्ट-स्टॉप किंवा सेंटर-स्पॅन भरले की झालं.

एफएमची अँटेना तपासायची असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, २०१ पॉइंट, म्हणजे दर १०० किलोहर्ट्झला एक ठिपका. रेघ छान येते. पण अँटेना गच्चीवर उघड्यावर असेल तर ती बाहेरचं प्रक्षेपणही पकडते. पुणे विद्यापीठाच्या आसपास मोजत असाल तर १०७.४ मेगाहर्ट्झवर, विद्यावाणी या विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राच्या जागी, एक टोक वर आलेलं दिसू शकतं. त्याची खूण अशी: जागा ठरलेली, पण उंची दर स्वीपला बदलते. अँटेनाचा स्वतःचा रेझोनन्स असा नाचत नाही. आयएफ बँडविड्थ, म्हणजे रिसीव्हरच्या गाळणीची रुंदी, १० किलोहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झवर किंवा ३०० हर्ट्झवर आणा, आणि यंत्र देत असेल तर सोर्सची ताकद वाढवा. टोक बसलं की ते बाहेरचंच होतं याची खात्री होते. लांब तारेची अँटेना मीडियम वेव्हवर मोजताना ७९२ किलोहर्ट्झपाशी, पुणे आकाशवाणीच्या जागी, हाच प्रकार होऊ शकतो.

केबलमधला दोष किती मीटरवर आहे हे शोधण्यासाठी टाइम डोमेन (मोजमाप फ्रीक्वेन्सीऐवजी वेळेवर मांडणं) वापरायचा असेल तर लिनिअरशिवाय इलाज नाही, कारण त्यामागच्या गणिताला सारख्या अंतरावरचे ठिपकेच लागतात. इथे पायरी आणि पट्टा यांची कामं वेगवेगळी आहेत. पायरी ठरवते किती लांबपर्यंत दिसेल: १ मेगाहर्ट्झच्या पायरीला आरजी-५८ मध्ये साधारण ९९ मीटर. त्यापलीकडचा दोष दुमडून जवळ दिसतो, म्हणजे १२० मीटरवरचा जोड २१ मीटरवर उभा राहतो, आणि मग चांगली केबल कापली जाते. पट्ट्याची रुंदी ठरवते किती जवळजवळचे दोन दोष वेगळे दिसतील: ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला साधारण ११ सेंटिमीटर, आणि विंडो (पट्ट्याच्या कडा हळूहळू मंदावणं) लावली की त्याहून जास्त. टाइम डोमेनमधली लो-पास पद्धत वापरत असाल तर सुरुवातीची फ्रीक्वेन्सी पायरीएवढीच हवी: उदाहरणार्थ ५ ते १००० मेगाहर्ट्झ, २०० पॉइंट.

लॉग स्वीप: अनेक दशकं एकाच रेघेत

पॉवर लाइनवरचा गोंगाट अडवणारा ईएमआय फिल्टर, फेराइट चोक, डीकपलिंग कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर. यांचं वागणं किलोहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. १०० किलोहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ म्हणजे चार दशकं (दर दशकाला फ्रीक्वेन्सी दहापट). यावर ४०१ पॉइंटचा लिनिअर स्वीप लावला तर पायरी अडीच मेगाहर्ट्झची पडते, आणि १० मेगाहर्ट्झच्या खाली, म्हणजे चारपैकी दोन दशकांत, मिळून जेमतेम चार ठिपके येतात. चोकचा सगळा जीव तिथेच असतो. लॉग स्वीपमध्ये त्याच ४०१ पॉइंटची वाटणी दर दशकाला शंभर अशी होते. प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा सुमारे २.३ टक्क्यांनी पुढे.

त्याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागते. ९०० मेगाहर्ट्झपाशी हीच २.३ टक्क्यांची पायरी वीस मेगाहर्ट्झची होते, त्यामुळे तिथला अरुंद नॉच दोन ठिपक्यांच्या मधून निसटतो. म्हणून लॉग स्वीप मोठ्या, संथ चढ-उतारांसाठी वापरायचा. वर काही संशयास्पद दिसलं तर तेवढा तुकडा वेगळा, लिनिअरवर मोजायचा.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, पडद्याचा आडवा अक्ष लॉग केला म्हणजे स्वीप लॉग झाला असं नाही. काही यंत्रांवर आणि बहुतेक संगणकी सॉफ्टवेअरमध्ये हे दोन वेगळे पर्याय असतात. नुसता अक्ष लॉग केला तर डावीकडे चार ठिपके लांबच लांब सरळ रेघांनी जोडलेले दिसतात. ते दिसलं की ओळखायचं. दुसरं, खालच्या फ्रीक्वेन्सीला आयएफ बँडविड्थ त्या फ्रीक्वेन्सीच्या मानाने लहानच हवी, पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. १ किलोहर्ट्झपासून मोजताना १० किलोहर्ट्झची आयएफ बँडविड्थ ठेवली तर सुरुवातीचे ठिपके निव्वळ कचरा असतात. त्यासाठी अख्खा स्वीप १०० हर्ट्झवर ठेवला तर वाट बघत बसावं लागतं. काही यंत्रांत दशकागणिक आयएफ बँडविड्थ आपोआप बदलण्याची सोय असते, ती चालू करा. नसेल तर पुढचा पर्याय बघा.

सेगमेंट स्वीप: इथे वेळ घालवा

आमच्या मते नवशिक्याने सर्वांत आधी मनापासून शिकावा असा स्वीप हाच आहे, आणि नेमका हाच सगळे टाळतात, कारण तक्ता भरावा लागतो. पट्ट्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला आपापले पॉइंट, आयएफ बँडविड्थ, ताकद आणि थांबण्याचा वेळ द्यायचा. जिथे बारकावा आहे तिथे ठिपके दाट, जिथे खोली आहे तिथे आयएफ बँडविड्थ अरुंद, जिथे काहीच नाही तिथे घाई.

आधी वेळेचा हिशोब समजून घ्या. एका ठिपक्याला लागणारा वेळ ढोबळमानाने एक भागिले आयएफ बँडविड्थ. १ किलोहर्ट्झला १ मिलिसेकंद, १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद, वर यंत्राचा थोडा स्वतःचा वेळ. आयएफ बँडविड्थ दहापट कमी केली की गोंगाटाचा तळ १० डीबीने खाली जातो आणि स्वीप दहापट रेंगाळतो. तळ खाली हवा तो फक्त स्टॉपबँडमध्ये, म्हणजे फिल्टर सिग्नल अडवतो तिथे. पासबँडमध्ये सिग्नल भरपूर असतो, तिथे इतका वेळ घालवण्याचं कारण नाही.

गाडीच्या रिमोट चावीत वापरतात तसा ४३३.९२ मेगाहर्ट्झचा सॉ (पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरींवर चालणारा) फिल्टर घेऊ. तक्ता असा भरा (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी):

पहिला तुकडा: ३०० ते ४२५ मेगाहर्ट्झ, १२६ पॉइंट, आयएफ १०० हर्ट्झ, ० डीबीएम.
दुसरा: ४२५ ते ४३२, ७१ पॉइंट, आयएफ ३०० हर्ट्झ, ० डीबीएम.
तिसरा: ४३२ ते ४३६, २०१ पॉइंट, आयएफ १ किलोहर्ट्झ, −१० डीबीएम.
चौथा: ४३६ ते ४४५, ९१ पॉइंट, आयएफ ३०० हर्ट्झ, ० डीबीएम.
पाचवा: ४४५ ते ६००, १५६ पॉइंट, आयएफ १०० हर्ट्झ, ० डीबीएम.

एकूण ६४५ पॉइंट. पासबँडमध्ये पायरी २० किलोहर्ट्झची, उतारांवर १०० किलोहर्ट्झची, बाहेर १ मेगाहर्ट्झची. वेळ सुमारे साडेतीन सेकंद. हेच काम एका लिनिअर स्वीपने, सगळीकडे २० किलोहर्ट्झची पायरी आणि १०० हर्ट्झची आयएफ बँडविड्थ ठेवून केलं तर १५,००१ पॉइंट आणि अडीच मिनिटं लागतील. पूर्ण दोन-पोर्ट कॅलिब्रेशन चालू असेल तर यंत्र दोन्ही दिशांनी स्वीप करतं, म्हणून दोन्ही आकडे दुप्पट धरा. फिल्टर किती ताकद सोसतो हे त्याच्या डेटाशीटमध्ये बघूनच ताकदीचा रकाना भरा.

तक्ता भरताना घोटाळे होतात ते असे. शेजारच्या तुकड्यांची सीमा एकमेकांत घुसली तर बरीच यंत्रं तक्ता स्वीकारत नाहीत किंवा शेजारचा तुकडा गुपचूप कापतात. भरून झाल्यावर तक्ता पुन्हा वरून खाली वाचा. ताकद बदलते त्या सीमेवर रेघेत बारीक पायरी दिसू शकते. दशांश डीबीच्या आत असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर सगळे तुकडे एकाच ताकदीवर आणून बघा. पायरी गेली तर दोष सोर्सच्या पातळीत किंवा रिसीव्हरमध्ये आहे, फिल्टरमध्ये नाही. आणि आडवा अक्ष ठिपक्यांच्या क्रमाने दाखवायचा की फ्रीक्वेन्सीच्या मापाने, असा एक पर्याय असतो. क्रमाने ठेवला तर पासबँड पडद्याचा तिसरा हिस्सा व्यापतो आणि फिल्टर फारच रुंद वाटतो. अहवालात टाकायचं चित्र नेहमी फ्रीक्वेन्सीच्या मापाने काढा.

मधले पट्टे नकोच असतील तेव्हा तर सेगमेंट स्वीपला तोडच नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे सुधारित पट्टे बघा: १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. अशा रिसीव्हरसाठी एखादा भाग तपासताना ८५० ते १०५० ची मोकळी जागा मोजण्यात वेळ कशाला घालवायचा? चार तुकडे करा, प्रत्येकाला हवे तितके पॉइंट द्या. फक्त २५० मेगाहर्ट्झची सामाईक सीमा आपलं यंत्र स्वीकारतं का ते आधी तपासा.

नॅनोव्हीएनए वापरणाऱ्यांसाठी एक खुलासा. संगणकावरच्या नॅनोव्हीएनए-सेव्हरमध्येही सेगमेंट नावाचा आकडा असतो, पण तिथे त्याचा अर्थ निराळा. दहा लिहिलं की तो पट्ट्याचे दहा सारखे भाग करून प्रत्येकात १०१ पॉइंट घेतो आणि सगळे जोडतो. पॉइंट वाढतात, पण आयएफ बँडविड्थ किंवा ताकद तुकड्यागणिक बदलत नाही. मूळ नॅनोव्हीएनए ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिक (सिग्नलच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी) वापरून मोजतं, म्हणून तिथे रेघेत छोटी पायरी आणि वर जास्त गोंगाट दिसतो. तोही तपासायच्या भागाचा दोष नव्हे.

घाई केली की काय बिघडतं

यंत्र दोन रीतींनी चालतं. स्टेप पद्धतीत सोर्स प्रत्येक ठिपक्यावर थांबतो, मग मोजणी होते. सलग पद्धतीत सोर्स न थांबता धावत राहतो आणि मोजणी धावता-धावताच होते. दुसरी वेगवान आहे, पण लांब भागाला चालत नाही. १०० मीटर केबलमधून सिग्नल बाहेर यायला सुमारे अर्धा मायक्रोसेकंद लागतो. १ गिगाहर्ट्झचा पट्टा १० मिलिसेकंदात धावत कापला तर तेवढ्या अवधीत सोर्स ५० किलोहर्ट्झ पुढे गेलेला असतो, आणि रिसीव्हरही त्याच्याबरोबर. आयएफ बँडविड्थ १० किलोहर्ट्झ असेल तर केबलमधून उशिरा आलेला सिग्नल त्या खिडकीच्या बाहेरच पडतो. रेघ बरीच खाली बसते आणि केबल खराब आहे असा निष्कर्ष निघतो. लांब केबल, डिले लाइन, ऑप्टिकल दुवा असेल तर स्टेप पद्धतच निवडा.

क्रिस्टलचं तसंच, फक्त कारण वेगळं. १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिक्श्चरमध्ये बसवल्यावर लोडेड क्यू (रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा) २०,००० धरला, तर तो स्थिर होण्याचा कालांक क्यू भागिले (पाय गुणिले फ्रीक्वेन्सी), म्हणजे ०.६४ मिलिसेकंद. पाच कालांक थांबलं की उरलेली चूक एका टक्क्याच्या आत येते: ३.२ मिलिसेकंद. १ किलोहर्ट्झच्या आयएफ बँडविड्थवर यंत्र एका ठिपक्यावर जेमतेम १ मिलिसेकंद थांबतं. एवढ्यात क्रिस्टल पुरता हलायलाही लागलेला नसतो. शिखर बुटकं दिसतं, स्वीपच्या दिशेने सरकतं, आणि पुढच्या उतारावर बारीक लहरी येतात. लहरी फक्त एकाच बाजूला असणं ही घाईची पक्की खूण.

सेटिंग असं करा: ९.९८० ते १०.०४० मेगाहर्ट्झ, ६०१ पॉइंट म्हणजे १०० हर्ट्झची पायरी, स्टेप पद्धत, थांबण्याचा वेळ ४ मिलिसेकंद, ताकद −२० डीबीएम. ताकद कमी ठेवण्याचं कारण असं, की छोट्या क्रिस्टलला १०० मायक्रोवॉट, म्हणजे −१० डीबीएम, ही बऱ्याचदा कमाल मर्यादा असते; त्यावर गेलं की रेझोनन्स सरकतो. मग थांबण्याचा वेळ दुप्पट करून पुन्हा मोजा. शिखर जागचं हललं नाही आणि उंच झालं नाही तर पहिला वेळ पुरेसा होता. हललं तर पुन्हा दुप्पट करा.

पॉवर स्वीप

यात फ्रीक्वेन्सी एकच ठेवायची आणि ताकद हळूहळू वाढवायची. ॲम्प्लिफायर कुठे दबायला लागतो, म्हणजे त्याचा गेन १ डीबीने कुठे घटतो, हे काढायला हा स्वीप लागतो. २० डीबी गेनच्या ॲम्प्लिफायरसाठी −३० ते ० डीबीएम, अर्ध्या डीबीची पायरी, ६१ पॉइंट. एस२१ ची, म्हणजे पलीकडे गेलेल्या सिग्नलची, रेघ सुरुवातीला सपाट हवी. तिथला गेन वाचा. रेघ त्याहून १ डीबी खाली येते तिथे मार्कर लावा. समजा −४ डीबीएमला गेन १९ झाला, तर आउटपुट +१५ डीबीएम.

इथे यंत्राचा जीव धोक्यात असतो, म्हणून क्रम मोडू नका. यंत्राच्या तोंडावर पोर्टची कमाल सोसण्याची ताकद छापलेली असते, ती आधी वाचा. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला २० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा, तो किती वॉटचा आहे ते बघा, आणि त्याच्यासकट कॅलिब्रेशन करा. आउटपुटवर डीसी येत असेल तर मध्ये डीसी ब्लॉक. ॲम्प्लिफायरचा सप्लाय द्या, मगच आरएफ चालू करा. बंद करताना आधी आरएफ, मग सप्लाय. ॲटेन्युएटर न लावता मोजलं आणि पोर्ट वाचला तरी आकडा चुकू शकतो, कारण दबतो तो रिसीव्हर आणि दोष ॲम्प्लिफायरवर जातो. ओळखायची युक्ती: आणखी १० डीबीचा ॲटेन्युएटर जोडून, कॅलिब्रेशन पुन्हा करून मोजा. दबण्याचा बिंदू जागेवर राहिला तर तो ॲम्प्लिफायरचाच.

सोर्सचा आकडा पडद्यावर दिसतो तितकाच खरोखर बाहेर पडतो असं धरू नका. पॉवर मीटर असेल तर त्याने कॅलिब्रेट करा. मूळ नॅनोव्हीएनएवर सोर्सच्या मोजक्याच पातळ्या मिळतात, त्यावर हे काम करू नये.

सीडब्ल्यू टाइम स्वीप

सीडब्ल्यू म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीचा सलग सिग्नल. फ्रीक्वेन्सी आणि ताकद दोन्ही स्थिर, आडवा अक्ष वेळ. भाग तापताना किती सरकतो, रिले किती वेळात बसतो, केबल हलवली की फेज किती बदलते, हे बघायला. ६० सेकंदांत २०१ पॉइंट घेतले तर दर ०.३ सेकंदाला एक ठिपका मिळतो. आयएफ बँडविड्थ १ किलोहर्ट्झ असेल तर मिलिसेकंदाहून लवकर घडणारं काही दिसणार नाही. नॅनोव्हीएनएवर स्टिम्युलसमधलं सीडब्ल्यू फ्रीक्वेन्सी वापरा.

मोजमापाच्या केबली विकत घेतल्यावर ही चाचणी जरूर करा. ३ गिगाहर्ट्झवर केबलच्या टोकाला शॉर्ट लावा, एस११ ची फेज बघा आणि केबल एकदा हळूच वाकवा. हवेत १ मिलिमीटर म्हणजे ३.६ अंश, आणि एस११ मध्ये सिग्नल दोनदा जात असल्याने ७.२. वाकवून सरळ केल्यावर फेज मूळ जागी परत आली नाही तर त्या केबलवर कॅलिब्रेशन टिकणार नाही.

कॅलिब्रेशन शेवटी

क्रम असा ठेवा: यंत्र चालू करून निदान अर्धा तास तापू द्या. स्वीपचा प्रकार निवडा. फ्रीक्वेन्सी किंवा सेगमेंटचा तक्ता भरा. पॉइंट, आयएफ बँडविड्थ, ताकद, थांबण्याचा वेळ ठरवा. मग ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू हे नमुने जोडून कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशननंतर ठिपक्यांच्या जागा बदलल्या की यंत्र दुरुस्तीचे आकडे मधल्या जागांसाठी अंदाजाने काढतं. नॅनोव्हीएनएच्या पडद्याच्या कडेला मोठ्या लिपीतला सी दिसतो तोवर ठीक. तो लहान लिपीतला झाला की असा अंदाज चालू आहे असं समजायचं. लिनिअरवर कॅलिब्रेट करून लॉगवर गेलात तर खालच्या दोन दशकांची दुरुस्ती त्या चार ठिपक्यांवरून काढली जाते, ती मुळीच वापरू नका.

मग शेवटची तपासणी. पॉइंट दुप्पट करा, पुन्हा कॅलिब्रेट करा, पुन्हा मोजा. नंतर आयएफ बँडविड्थ निम्मी करा. दोन्ही वेळा रेघ आधीच्या रेघेवर बसली तर स्वीप बरोबर आहे. पॉइंट वाढवल्यावर बदलली तर आधी काहीतरी ठिपक्यांमधून निसटत होतं. आयएफ बदलल्यावर नुसता तळ खाली गेला तर तो गोंगाट होता. शिखराचा आकार बदलला तर घाई होत होती.

मोजमाप एस२पी फाइलमध्ये (दोन पोर्टच्या मोजमापाची साधी मजकूर फाइल) साठवताना एक लक्षात ठेवा: त्या फाइलीत फ्रीक्वेन्सी आणि एस-पॅरामीटर असतात, पण आयएफ बँडविड्थ, ताकद, थांबण्याचा वेळ हे यंत्राने स्वतःहून लिहिलं नसेल तर नसतात. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि वर उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी घाला. वाचणारं सॉफ्टवेअर त्या ओळी सोडून देतं. स्वीपचा प्रकार, सेगमेंटचा पूर्ण तक्ता, ताकद, ॲटेन्युएटर किती डीबीचा होता, कॅलिब्रेशन किट कोणता, तारीख, खोलीचं तापमान. सेगमेंटचा तक्ता यंत्रातही वेगळ्या फाइलीत जपून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात तोच फिल्टर पुन्हा आला की ४३२ ते ४३६ मध्ये पॉइंट २०१ होते की १०१, हे कुणालाही आठवत नाही.